प्रति: तिन्ही दिशा एकदम शिकवाव्यात का?

टाकलेली डमी (शिकारीऐवजी वापरायची नकली वस्तू) आणायला कुत्र्याला हाताच्या इशाऱ्याने दिशा शिकवताना 'शिट्टीवर बसायला लागला की डावी, उजवी आणि मागची अशा तिन्ही डमी पहिल्याच दिवशी मांडा' असं वर सुचवलंय, ते नाही पटलं. तिन्ही टाकल्या की कुत्रा हात बघतच नाही, शेवटी पडलेल्या डमीकडे सुटतो. आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीने आठवडाभर मला असंच गंडवलं, आणि मी खूश, पोरगी शिकली म्हणून! मग दोनच ठेवल्या. आधी उजवीकडे टाकायची, नंतर डावीकडे, पाठवायचं मात्र उजवीकडे. चुकीकडे वळली की लगेच शिट्टी, परत जागेवर, आरडाओरडा नाही. अंतर वीसेक पावलंच.

'बॅक'ला, म्हणजे कुत्र्याला मागच्या डमीकडे पाठवताना, कुठला हात वर करायचा हे कुणी लिहिलं नाही. कुत्रा आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो; आपला उजवा हात वर गेला की त्याने त्याच बाजूने, म्हणजे स्वतःच्या डावीकडून वळून मागे पळायचं. आणि हो, कपडे! अमेरिकेत फील्ड ट्रायलला, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धेत, हँडलर (कुत्र्याला इशारे देणारे) पांढरं जॅकेट घालतात ते दुरून हात दिसावा म्हणून. मी हिरव्या टीशर्टात झाडीसमोर उभा राहून कुत्रीवर चिडत होतो.