मदत हवी आहे : बारावीनंतर डिग्री आणि बी.एड. एकत्र

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमातून दहावी आणि नंतर सायन्समधून बारावी झालेली मुलगी आहे. तिला शिक्षिकाच व्हायचंय. साध्या वाटेने पदवीची तीन वर्षं आणि बी.एड.ची दोन, म्हणजे पाच. चार वर्षांचा एकत्रित बी.एस्सी.बी.एड. (आयटेप) केला तर एक वर्ष वाचतं.

कॉलेजं सर्रास सांगतात, "यूजीसीने २०२२ पासून दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय, बी.एस्सी.सोबत बी.एड. करून टाका." कृपया हे सुचवू नका. दोन वर्षांच्या बी.एड.ला प्रवेशच पदवीनंतर मिळतो. शिवाय तासांना ८०% आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९०% हजेरी लागते, त्यामुळे नुसतं नाव घालून भागत नाही. इग्नूचं दूरस्थ बी.एड.ही बारावीवाल्यांसाठी नाही.

आयटेपसाठी एनटीएची (राष्ट्रीय परीक्षा संस्थेची) एनसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. ती मराठीतूनही देता येते, हे आपल्या भागात फार कमी मुलांना माहीत आहे! म्हैसूरचं आरआयई (एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था) तिच्या मनात आहे, पण घरचे लांब म्हणतात.

जाणकारांनी एवढं सांगा :
बेळगाव, निपाणी, कोल्हापूर पट्ट्यात एनसीटीईची (शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) मान्यता असलेला एकत्रित कोर्स प्रत्यक्ष कुठे चालू आहे? मान्यता कोर्सनिहाय असते, तेव्हा कॉलेजच्या जुन्या बी.एड.चं पत्र चालणार नाही.

कर्नाटक सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात प्रवेशासाठी मिळणारी सवलत या कोर्सलाही लागू होते का? कुणाचा प्रवेश तसा झाला असेल तर दाखले कोणते लागले आणि तहसीलदारांचा दाखला कन्नडमध्ये असल्यास भाषांतर कुठून करून घेतलं, तेही लिहा.