आगाप छाटणी: उतावळेपणा की हिशेबी धोका?

मिरजपूर्व (धागाकर्ता)
ऑगस्टअखेर, म्हणजे हंगामाआधीच (आगाप), द्राक्षवेलींची फळछाटणी घेणाऱ्याला तासगाव-मिरज पट्ट्यात सरसकट ‘उतावळा’ म्हणतात. मला ते पटत नाही. आगाप माल डिसेंबरअखेर-जानेवारीत निघतो, तेव्हा बाजारात द्राक्ष कमी असतं. त्याची किंमत म्हणजे छाटणीनंतर 35-40 दिवसांनी येणारा फुलोरा परतीच्या पावसात सापडू शकतो: डाऊनी (केवडा हा बुरशीसारखा रोग), घडकूज, मणीगळ. एवढं माहीत असून जो कात्री लावतो, तो धोका पत्करतो. न बघता लावतो, तो उतावळा.

मनोमापक
दोन्ही वेगळे, हे बरोबर. उतावळेपणा मोजायची बॅरट प्रश्नावली (30 विधानं) लक्ष न टिकणं, विचाराआधी हात चालणं आणि पुढचं न आखणं याबद्दल विचारते. समोरचा धोका किती मोठा वाटतो, हे त्यात नाहीच. 2002 मध्ये आलेली फुग्याची चाचणी घ्या. संगणकावरचा फुगा बटण दाबून फुगवायचा; दर दाबाला पैसे वाढतात, फुगा फुटला की त्या फुग्याचे गेले. त्यातला निळा फुगा 128 दाबांपर्यंत कधीही फुटतो, सरासरी 64 ला. बहुतेक लोक 64 च्या बरेच आधी थांबतात. म्हणजे तिथे थोडा जास्त धोका घेणाराच जास्त कमावतो.

हिशेबनीस
फुगा फुटला तर पाच-दहा रुपये जातात हो, बाग गेली तर सोसायटीचं कर्ज थकतं! आणि ‘माहीत असून’ हा शब्द फार सैल वापरलाय. फिनुकेन, स्लोविक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये दाखवलं की एखाद्या गोष्टीचा फायदा मोठा आहे असं सांगितलं, की माणसाला तिचा धोका आपोआप लहान वाटतो. घाईत निर्णय घ्यायला लावलं की हे आणखी वाढतं. आता छाटणी करणाऱ्या मजुरांची टोळी उद्या पुढच्या गावाला चाललीय, शेजारची बाग छाटून झालीय, व्यापारी गेल्या साली आगाप मालाला मिळालेला दर सांगतोय. अशा वेळी डाऊनी ‘माहीत’ असते, पण दिसत नाही.

कॉलेजकट्टा
शेजाऱ्याच्या मुद्द्याला दुजोरा. मानसशास्त्रज्ञ गार्डनर-स्टाइनबर्ग यांचा प्रयोग, 2005: गाडी चालवायच्या खेळात सोबती बघत असले की खेळणारे जास्त धोका घेतात.

मनोमापक
तो परिणाम किशोरांत आणि कॉलेजवयात ठळक होता, 24 च्या वरच्यांत फारसा नाही. पन्नाशीच्या बागायतदाराला तो चिकटवू नका.

मिरजपूर्व
@हिशेबनीस, घाईचा मुद्दा मान्य. म्हणूनच तारीख टोळी बघून नव्हे, आधी ठरवावी. प्लॉटचे दोन भाग करून 10-12 दिवसांच्या अंतराने छाटावेत, म्हणजे एकाच पावसात दोन्ही फुलोरे सापडत नाहीत.

हिशेबनीस
कागदावर छान. पण टोळी दोनदा बोलवा, फवारणीची दोन वेळापत्रकं सांभाळा. पहिल्या भागात डाऊनी आली तर तिचे बीजाणू वाऱ्याने शेजारच्या कोवळ्या फुटीवर बसणार. एकरभर बागेत हे नको. मध्ये मोकळी जागा असेल तरच.

मोरचूद_चुना
तुम्ही सगळे तारखेवर भांडताय. उतावळा माणूस मला बॅरलपाशी दिसतो. छाटणीनंतर खोड-ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) धुवायला 1 टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे, गाळून एकत्र करायचे, मग त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर द्रावण आम्ल आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची. ही तपासणी दोन मिनिटांची, आणि नेमकी हीच वगळतात. कोवळ्या फुटीवर तसंच मारलं तर पान करपतं, आणि दोष जातो मोरचुदाला. खिळा न बुडवणाऱ्याला धोका कळत नाही असं नाही. विचारा, तो तुम्हाला करपण्याचं कारण घडाघडा सांगेल.

हिशेबनीस
हेच तर म्हणतोय. फक्त तुमचा खिळा स्वस्त आहे, माझी तारीख महाग.