विषय: मुंबई-नेवार्क सहाच तास??

मंडळी नमस्कार,
सध्या सांगलीत आहे, विश्रामबागेत, आईबाबांची सप्टेंबरची तिकिटं काढली. बाबांनी प्रिंट बघितली, मुंबईहून रात्री १ ला निघतं, नेवार्कला (न्यूयॉर्कशेजारी) सकाळी ७ ला पोचतं, तारीख तीच. म्हणाले "सहाच तास? आपल्याला मुंबई गाठायला याहून जास्त लागतात की रे!" मी हसलो, पण आईने त्याच हिशोबाने गोळ्यांची डबी भरायला घेतली. माझं काही ते ऐकत नाहीत, कुणीतरी पटेल असं सांगा.
– सांगलीकर, एडिसन

> माझं काही ते ऐकत नाहीत

अरे दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात, इकडचं, अमेरिकेतलं घड्याळ सप्टेंबरात साडेनऊ तास मागे म्हणजे ६ अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास झाले (नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की साडेदहाचा फरक). परत जाताना उलटी गंमत, दुपारी ४ ला बसून दुसऱ्या दिवशी ४ ला उतरतात, दिसतात २४, बसायचे साडेचौदाच. तो तासभर वाचतो कारण एवढ्या उंचीवर वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतं, भारतात जाताना पाठीला आणि इकडे येताना तोंडावर. आईंच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचार बाबा, घड्याळ बघून घेऊ नका.

बाबांना आकडे सांगून पटत नसतं, दोरा द्या हातात! मी साताऱ्याला असताना वर्गात हेच करायचे. पृथ्वीचा गोल घ्या, विषुववृत्तावर दोरा गुंडाळून मोजा, ते झाले ४०,००० किमी, मग तोच दोरा मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरा. नकाशात सरळ पश्चिमेला जावंसं वाटतं पण दोरा रशियावर चढून आइसलँडवरून खाली येतो. अर्थात विमान तसंच जाईल असं नाही, २०२२ पासून रशियाने अमेरिकन कंपन्यांना आकाश बंद केलंय, त्यांना वळसाच.
– काकू

काकू, दंडवत! भाच्याचा गोल आणला, शिवणाच्या डब्यातला दोरा. सगळा फेर ९४ सेंमी, मुंबई-न्यूयॉर्क साडेएकोणतीस. बाबांनी कॅलेंडरच्या मागे त्रैराशिक मांडलं, साडेबारा हजार किलोमीटर आले, मग ताशी ९०० ने भागून म्हणाले "चौदा तास होतात, हे साडेपंधरा का लावतायत?" मी वारं सांगितलं, वळसा सांगितला, तेव्हा कुठे मान हलली. आई तोवर ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर फोन करून सांगत होती की आम्ही आइसलँडवरून जाणार.

आता नवा वाद, गाडी घरातून किती वाजता काढायची. मी म्हटलं मुंबई पावणेचारशे किमी, आठ तास धरू. बाबा म्हणतात ताशी ९०० वरच्यांना, आपलं पेठ नाक्यापर्यंतचंच (जिथे हायवे लागतो) आधी सांग.

भडंग किती किलो आणू ते उद्यापर्यंत कळवा, बॅगेत जागा थोडी आहे.