पॅसेजमध्ये एलईडी आहेतच, मग सेन्सर लावून उरतं काय?

रातकिडा:
आमच्या इमारतीच्या पॅसेजमध्ये ९ वॅटचे ६ एलईडी आहेत. संध्याकाळी सहाला लागतात आणि सकाळी सहाला कुणीतरी बंद करतं. हा 'कुणीतरी' बहुतेक वेळा मीच, आणि मी विसरलो की दिवे दिवसभर जळतात. आता माणसाची हालचाल ओळखून दिवा लावणाऱ्या मोशन सेन्सरची टूम निघाली आहे. काल वहीत हिशेब मांडला. एक दिवा रात्रभर म्हणजे १२ तास लावला तर वर्षाला ३९ युनिट, सहांचे मिळून २३६. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब एकटाच २६३ खायचा! म्हणजे मोठा घास एलईडीने आधीच वाचवलाय. उरल्यासुरल्यासाठी छत उकरायचं का?

उघडीवायर:
हिशेब बरोबर, पण पुढचं पानही लिहा. दिवा दिवसाला एकूण तासभरच लागला तर सहांना वर्षाला २० युनिट पुरतील. मात्र सेन्सर स्वतः २४ तास जागा असतो. अर्धा वॅट धरला तरी एकाचे वर्षाला सव्वाचार-साडेचार युनिट. प्रत्येक दिव्याला वेगळा लावलात तर २६ युनिट सेन्सरच खाणार, म्हणजे दिव्यांपेक्षा जास्त. दोन-तीन दिवे एका सेन्सरवर घ्या. फक्त त्यावर एलईडीसाठी किती वॅट लिहिलेत ते बघा, तो आकडा साध्या बल्बपेक्षा बराच कमी असतो. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे आतलं वीज पुरवणारं सर्किट, चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, त्याने सेन्सरमधल्या रिलेचे, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटतात आणि दिवा कायमचा चालू. मग कसली बचत!

किल्लीवाली:
आकडे राहू द्या, माझं ऐका. आमच्याकडे सेन्सर पॅसेजच्या टोकाला, थेट समोर लावला. पीआयआरवाला, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर आडवा जाणारा माणूस पटकन टिपतो, त्याच्याच दिशेने सरळ चालत आलात की उशीर करतो. त्यामुळे अर्धा पॅसेज अंधारात. वर दिवा चालू राहण्याचा वेळ ठेवलेला १५ सेकंदांचा. सासूबाई दोन पिशव्या सांभाळत कुलपाचं भोक शोधत असतात, तेवढ्यात दिवा गुल. मग पिशवीसकट हात हलवायचा. त्या म्हणतात, "रोज आरती ओवाळतेय दिव्याला." आम्ही वेळ दोन मिनिटांवर नेला आणि सेन्सर बाजूच्या भिंतीवर हलवला, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

रातकिडा:
आरतीवरून आठवलं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना पावलं टाकायला वेळ लागतो. आणि ऐन उन्हाळ्यात या सेन्सरचं काय होतं?

उघडीवायर:
पीआयआर शरीर आणि भोवतालची उष्णता यांतला फरक बघतो. भिंती अंगाइतक्या तापल्या की त्याची नजर मंदावते. मायक्रोवेव्ह लहरी सोडून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला तो त्रास नाही, पण तो पातळ दारापलीकडची हालचालही पकडतो. कुणी घरात पंख्याखाली कूस बदलली तरी बाहेर लख्ख उजेड.

पण मला एक सांगा, तुमचं खरं दुखणं रात्रीचं आहे की सकाळी बटण विसरण्याचं? दुसरं असेल तर उजेड ओळखणारा साधा फोटोसेल लावा. अंधार पडला की चालू, उजाडलं की बंद. माणसाच्या हालचालीशी त्याला देणंघेणं नाही. फक्त त्याच्याच दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यावर येऊ देऊ नका, नाहीतर रात्रभर डोळे मिचकावत बसेल.

रातकिडा:
पकडलंत! गेल्या महिन्यात मी निदान आठ दिवस विसरलो असेन. एका विसरलेल्या दिवसाला साडेसहाशे वॅट-अवर, म्हणजे ०.६५ युनिट; आठ दिवसांचे पाच युनिट माझ्याच नावावर. आता ठरलं: पॅसेजला फोटोसेल, आजोबांसाठी रात्रभर उजेड. मोशन सेन्सर फक्त गच्चीच्या जिन्यावर आणि मीटरच्या खोलीत. तिथे दिवसातून दोनदा कुणी फिरकलं तर फिरकलं, आणि बाहेर येताना दिवा बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. वायरमन रविवारी येतोय.

किल्लीवाली:
जिन्यावर खालच्या पायरीवर पाय पडायच्या आधी दिवा लागतो का, ते वायरमन निघून जायच्या आत स्वतः चढून बघा. आमचा चौथ्या पायरीला लागायचा.