रिबिल्डेबल अ‍ॅटमायझर फार तापतोय? आत काय सापडलं ते लिहा

लेस्टर
सिगारेट सुटून मला साडेचार वर्षं झाली. तेव्हापासून ई-सिगारेट ओढतो, तीही रिबिल्डेबल अ‍ॅटमायझरची. म्हणजे वाफ करणारा भाग उघडून कॉइल (ज्यूस, म्हणजे वाफेचा द्रव, तापवणारी तार) स्वतः गुंडाळतो, ज्यूस शोषणारा कापूस स्वतः भरतो. गेल्या महिन्यात टँक (ज्यूसची टाकी, आत कॉइल) इतका तापायला लागला की चौथ्या झुरक्याला ओठ टेकवता येईना. मी वॅट कमी केले. ४५ वरून ३५, मग २८. वाफ मेली, चव गेली, टँक तसाच गरम. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! चार दिवसांनी बोट लावून पाहिलं, तेव्हा कळलं की वरचं तोंड नंतर तापतंय, आधी तापतोय तो तळ, जिथे टँक मॉडवर, म्हणजे बॅटरीच्या डब्यावर, बसतो. स्क्रीनवर ओहमही (कॉइलचा विद्युतरोध) जागेवर नव्हते. ०.४८, मग ०.५५, टँक जरा फिरवला की ०.५१.

उघडला. एका पोस्टचा (तारेचं टोक धरणाऱ्या खांबाचा) स्क्रू पाव फेरा सैल, आणि त्याखालचं तारेचं टोक काळंनिळं पडलेलं. मॉड सांगितलेले वॅट देतच होता, पण त्यातले काही कॉइलऐवजी त्या सैल सांध्यात जळत होते. नवी तार घातली, स्क्रू घट्ट केले, तळाची पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली. आता ४५ वर चालतो आणि आकडा ०.४८ वरून हलत नाही.

नवीन मंडळी हाच प्रश्न विचारतात आणि त्यांना एकच उत्तर मिळतं, वॅट कमी करा. म्हणून विनंती, कुठे तापत होतं आणि उघडल्यावर काय दिसलं, तेवढं नीट लिहा.

बर्मिंगहॅम
माझा तळ थंड असायचा, पण तिसऱ्या झुरक्याला घशात जळका चटका बसायचा. कापूस बाहेर काढला तर दोन्ही टोकं पांढरीशुभ्र, ओली, आणि मधला कॉइलच्या आतला भाग पाव इंच तपकिरी. इतका घट्ट कोंबला होता की ज्यूस मधपर्यंत पोचतच नव्हता. कॉइलला गार ठेवतो तो ज्यूसच. तो पोचला नाही की तार नुसती लाल होते. आता कापूस ओढून बघते. किंचित अडत सरकला पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. टोकं सुईने विंचरून विरळ करते, मगच खाचेत बसवते.

एडिनबरा
बर्मिंगहॅमच्या ताईंनी लिहिलंय तेच, पण माझ्याकडे फक्त हिवाळ्यात व्हायचं. माझा ज्यूस ८० टक्के व्हीजीचा (व्हेजिटेबल ग्लिसरीनचा), म्हणजे मुळात दाट. थंडीत आणखी दाटतो आणि कापसात चढायला वेळ घेतो. ७० टक्क्यांवर आलो, दोन झुरक्यांत वीस-तीस सेकंद थांबायला लागलो. एवढंच.

रेडिंग
मी इलेक्ट्रिकलचा माणूस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या कॉइलची टोकं लांब राहिली होती. पोस्टपासून कॉइलपर्यंतच्या त्या उघड्या तारेला कापूस नाही, ज्यूस नाही, म्हणून ती आधी लाल व्हायची आणि सगळी उष्णता डेकला (पोस्ट बसवलेल्या तळाला) द्यायची. टोकं आखूड केली, तेव्हा डेक निवला.

दुसरी गोष्ट वेढ्यांची. कापूस घालण्याआधी १०-१५ वॅटवर एकेका सेकंदाचे ठोके द्या. कॉइल मधून बाहेरच्या बाजूला एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी चमकला, तर बटण सोडा, सिरॅमिक चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच घासा, पुन्हा ठोका द्या. हे कँथल, नायक्रोम, स्टीलसाठी. निकेल आणि टायटॅनियमची तार अशी कोरडी लाल करू नका, त्यांचा धूर अंगाला बरा नाही.

आणि मेकॅनिकल मॉडवाल्यांनो, हात जोडून सांगतो, ओहम मोजल्याशिवाय कॉइल लावू नका. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. ०.५ ओहमला ८.४ अँपिअर जातात, ०.१५ ला २८. बहुतेक १८६५० आकाराच्या सेलना सलग एवढे झेपत नाहीत, आणि तिथे थांबवणारं सर्किटच नसतं.

मिल्टन कीन्स
मी ओढत नाही, नवरा ओढतो. त्याचा मॉडच गरम व्हायचा, टँक नाही. सेल काढून पाहिला तर वरच्या कडेचं प्लास्टिक नखाएवढं फाटलेलं. सेलचं सगळं अंग ऋण टोक असतं, त्यामुळे वरच्या धन टोकाजवळ फाटलेलं असलं की शॉर्ट व्हायला एवढंसं पुरतं. त्याच दिवशी तो बाद केला. आता जास्तीचे सेल किल्ल्यांबरोबर खिशात जात नाहीत, प्लास्टिकच्या डबीत जातात.

बर्मिंगहॅम, दुसरा
२०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात बंद आहे, म्हणून पुण्याला जाताना सगळं इथेच ठेवतो. तीन आठवड्यांनी परत आलो आणि तसंच बटण दाबलं. आत ज्यूस काळपट, कापूस सुकलेला, कॉइलवर काळा थर. पहिल्याच झुरक्याला खोकून डोळ्यांत पाणी आलं. आता जायच्या आधी टँक रिकामा करून धुतो, आल्यावर नवा कापूस. आणि इथे ब्रिटनमध्ये टँक २ मिलीचेच, ६० वॅटवर बघता बघता तळ गाठतात. माझे निम्मे जळके झुरके रिकाम्या टँकचेच होते.

लेस्टर
रेडिंगवाले दादा, तुमचं वाचून काल पुन्हा उघडला. माझीही डावी बाजू दीड-दोन मिलिमीटर लांब होती. ती कापून स्क्रू आवळले, ओहम दोनदा मोजले.