वयात येणाऱ्या मुलांचा तास: दोन रांगा कराव्यात की एकच?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका):
मी सरकारी शाळेत सातवी-आठवीला शिकवते. यंदा लैंगिक आरोग्याचे तास माझ्याकडे आले आहेत. मुलामुलींना वेगळ्या खोल्यांत बसवायचे ठरले होते. दोन्ही रांगा आत गेल्यावरही एक विद्यार्थी दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत दाराशीच उभा राहिला. मी ‘अरे, मुलांच्या खोलीत जा’ एवढेच म्हणाले. तो गेला, पण त्यानंतर तो माझ्याशी नजर मिळवत नाही. त्याच्या मनात काय होते हे मला ठाऊक नाही, आणि ते विचारावे का, हेही कळत नाही. त्यातच, लिंगओळखीचा विषय काढला की मुलांच्या डोक्यात नको ते शिरते, असे काही पालकांचे म्हणणे आहे. हे तास कसे घ्यावेत?

उत्तर (निवृत्त शिक्षक):
त्याला विचारू नका; त्याला बोलावेसे वाटेल अशी जागा मात्र करून ठेवा. मी सर्वांना एकत्र बसवत असे आणि प्रत्येकाला निनावी चिठ्ठी लिहायला लावत असे. ज्याला प्रश्न नसेल त्याने पाठातले एखादे वाक्य उतरवून काढायचे, म्हणजे लिहिणारा कोण हे शेजाऱ्यालाही कळत नाही. ‘एका बाजूची छाती आधी वाढली, हा आजार आहे का?’, ‘झोपेत चड्डी ओली होते, आईला काय सांगू?’ असे प्रश्न दरवर्षी येत, आणि दोन्ही गोष्टी वाढीचाच भाग आहेत हे ऐकून वर्गातले कितीतरी खांदे सैल पडत. एकदा एक चिठ्ठी आली: ‘मला कुणी मुलगी समजले की बरे वाटते, हे चूक आहे का?’ चूक नाही, असे मी सर्वांसमोर वाचून सांगितले आणि अक्षर ओळखण्याचा प्रयत्न कटाक्षाने टाळला.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात होते, त्यामुळे पाळीची माहिती सातवीत देणे काही मुलींसाठी आधीच उशिराचे असते. युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत हे शिक्षण पाचव्या वर्षापासून, वयाला झेपेल तसे, शरीराच्या अवयवांची खरी नावे आणि नको असलेला स्पर्श यांपासून सुरू होते. अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. लिंगओळख, म्हणजे आपण मुलगा, मुलगी की आणखी कोणी आहोत याची आतली जाणीव, आणि लैंगिक कल, म्हणजे आपल्याला कोणाविषयी आकर्षण वाटते, या दोन गोष्टी शिक्षकांनीच आधी वेगळ्या समजून घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीतली विसंगती, म्हणजे जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि ही आतली जाणीव न जुळणे, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली आहे. पालकांना हे जरूर सांगावे.

उत्तर (आठवीतल्या मुलाची आई):
शंका घेणाऱ्या पालकांपैकी मीही एक आहे. आमचा विरोध माहितीला नाही. वर्गात काय दाखवणार, हे आम्हाला आधी पाहू द्यावे एवढेच मागणे आहे. शिवाय माझ्या मुलाने असे काही शाळेत सांगितले आणि मला ते कळलेच नाही, तर मला फार लागेल.

उत्तर (शालेय समुपदेशक):
ताई, तुमचे पहिले मागणे रास्त आहे. साहित्य पालकांना आधी दाखवायलाच हवे. दुसरे अवघड आहे. मूल घरी सांगण्यापूर्वी शाळेने परस्पर घरी कळवले, तर ते पुन्हा कोणापाशीच बोलत नाही, आणि काही घरांत त्याला मारही बसतो. म्हणून मी मुलालाच विचारते: घरी कोणाला, केव्हा सांगायचे आहे, आणि मी सोबत बसू का? मात्र अत्याचार होत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर गुप्तता ठेवता येत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

प्रश्नकर्ती शिक्षिका:
सर्वांचे मनापासून आभार. पुढचा तास एकाच खोलीत घेईन, आणि त्याआधी पाठाचे कागद पालकांना बघायला ठेवीन. चिठ्ठ्यांसाठी झाकणाला फट पाडलेला डबा आजच तयार केला आहे.