टर्बोच्या ऑइल फीडमधली जाळी: काढून टाकायची की नवी बसवायची?

शिरोलीकर

मंडळी, गाडी गॅरेजात उघडून पडलीय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

डिझेल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर, मी दुसरा मालक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की "ही गाडी घेतलीच कशाला" यावरच दोन पानं जातात. गेल्या आठवड्यात वैभववाडीहून येताना करूळ घाटात पिकअप एकदम बसला. शिट्टी चढत गेली, मागं निळा धूर. गगनबावड्यापर्यंत कशीबशी आणली, तिथून टोइंग.

गॅरेजवाल्यानं एअर फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोचा (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) शाफ्ट बोटानं हलवून दाखवला. खडखड हलतोय, पाती घराला घासलेली. टर्बो गेला यात वाद नाही, वाद पुढं आहे. टर्बोला ऑइल नेणारा फीड पाइप सोडला तर इंजिनकडच्या बॅन्जो बोल्टच्या (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) पोटातून एक बारीक जाळी निघाली. पूर्ण काळी, कार्बननं गच्च. गॅरेजवाला म्हणतो काढून फेका, पार्टवाला म्हणतो नवी बसवा. दोघंही छातीठोक.

मी फौंड्रीत मेथड्सला आहे, म्हणजे ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्या विभागात. साच्यात धातू ओतताना स्लॅग अडवायला आम्हीही गेटिंगमध्ये, म्हणजे धातू आत जायच्या वाटेत, सिरॅमिक फिल्टर ठेवतो. त्यामुळं फिल्टर काढून टाकणं हा उपाय मनाला पटत नाही. अनुभव असेल त्यांनीच सांगा.

घाटातला_डिझेल

काढून टाक की भावा. माझ्या आधीच्या गाडीची काढलेली, विकेपर्यंत टर्बोला काही झालं नाही.

पुजो-सित्रोएन आणि फोर्ड यांचं मिळून केलेलं 1.6 डिझेल इंजिन युरोपात लई गाड्यांत होतं. त्याच्या टर्बो फीडमध्ये अशीच जाळी. ती तुंबायची, टर्बोला ऑइल कमी पडायचं, टर्बो खलास. नवा टर्बो बसवताना ही जाळी काढूनच टाका, असं तिकडचे टर्बोवाले सांगतात.

बावडेकर

ही अर्धी गोष्ट झाली. त्याच इंजिनात जाळी काढून नवा टर्बो बसवला आणि तोही गेला, अशीही उदाहरणं ढीगभर आहेत. सुबारूच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही बॅन्जो बोल्टमध्ये जाळी असते आणि ती काढावी की बदलावी यावरून मालकांची तिकडं कायमची जुंपलेली असते.

शिरोलीकर, एक तपासा. तुमच्या बोल्टमध्ये नुसती जाळी आहे, की ऑइल मापात जावं म्हणून बारीक भोकही आहे? काही टर्बोंना, विशेषतः बॉल बेअरिंगवाल्यांना, ते भोक लागतंच. जाळीच्या नादात कुणी साधा मोठ्या भोकाचा बोल्ट लावला तर ऑइल जास्त जाऊन सीलमधून बाहेर पडेल, आणि नवा टर्बो पहिल्या दिवसापासून निळा धूर काढेल.

उद्यमनगरचा_मिस्त्री

पाव्हणं, तुमच्या फौंड्रीतला फिल्टर एका ओतीला वापरता आणि रनरबरोबर तोडून टाकता. ही जाळी त्या बोल्टात गाडी शोरूममधनं निघाल्यापासनं तशीच बसलीय. ऑइल बदलताना मोठा फिल्टर सगळेच बदलतात, ही जाळी कोण काढून बघतंय? बदलायचीच नसेल तर तो फिल्टर न्हाई, ते बूच.

पण जाळी काढायची का ठेवायची, हा नंतरचा प्रश्न. आदी सांगा, जाळीत कार्बन आला कुठनं? मोठ्या फिल्टरातनं गाळून ऑइल पुढं येतंय. तरी हितं गच्च भरलं म्हंजे एक तर मोठा फिल्टर तुंबून त्याचा बायपास उघडाय लागलाय आणि घाण न गाळता पुढं जायालीय, न्हाईतर ऑइल गरम होऊन पाइपातच करपालंय. घाट चढून आल्या आल्या चावी काढणाऱ्यांचं ऑइल टर्बोतच करपतंय, ते वेगळंच.

तुम्ही आज एवढं करा. इंजेक्टरच्या बुडाला बगा. काळं, चिकट, डांबरासारखं साठलं असंल आणि गाडी गार असताना चुकचुक आवाज येत असंल, तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. तिथनं जळका गॅस वर येतो, काजळी ऑइलात मिसळते, ऑइलचा गाळ होतो. त्या 1.6 चं खरं दुखणं हेच होतं. जाळी बिचारी मधल्या मधी बदनाम झाली.

मग चेंबर, म्हंजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवा. ऑइल पंपाचा स्ट्रेनर, म्हंजे त्याच्या तोंडावरची जाळी, डोळ्यानं बगा, नुसतं फ्लश मारून भागत न्हाई. फ्लशनं सुटलेला गाळ स्ट्रेनरवरच जाऊन बसतो आणि मग टर्बोच न्हाई, सगळं इंजिन उपाशी. फीड पाइप धुऊन वापरू नका, नवाच घ्या. आतला कार्बन डिझेलनं निघत न्हाई, आणि नंतर सुटला तर थेट नव्या टर्बोच्या बुशात. शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतोय, तोही नुसत्या ऑइलच्या पापुद्र्यावर. तिथं एक कण बास.

इंटरकूलर, म्हंजे टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी-पेटी, काढून उलटा करा. जुन्या टर्बोनं त्यात ऑइल सोडलेलं असतंय. ते तसंच राहिलं तर इंजिन ते ओढून घेतंय आणि चावी बंद केली तरी रेस चढतच जातीय. बगणाऱ्याचं पाणी पळतंय.

सिलिकॉन गॅसकेट फीडच्या जोडाला अजिबात न्हाई. नवे तांब्याचे वॉशर लावा. टर्बो बसवताना फीडच्या भोकातनं स्वच्छ ऑइल सिरिंजनं भरा आणि पाती हातानं फिरवा.

ह्या सगळ्यानंतर जाळीचं. तुमच्या इंजिनाला कंपनीचा बिनजाळीचा बोल्ट मिळत असंल तर तो लावा. मिळत न्हाई आणि जाळीवालाच हाय, तर नवा जाळीवाला लावा आणि काही ऑइल बदल्यांनी तो काढून बगत जावा. जुन्या बोल्टातली जाळी स्क्रू ड्रायव्हरनं फोडून तोच बोल्ट परत लावू नका. तारेचा तुकडा आत राहिला तर कुणाला सापडणार?

शिरोलीकर

मिस्त्री, सगळं वाचून दाखवलं गॅरेजात. पहिल्यांदा त्याचं तोंड वाकडं झालं, मग इंजेक्टरचं कव्हर काढलं. दोन नंबरच्या बुडाला तुम्ही म्हणता तसलं काळं चिकट. चेंबर उतरवला तर स्ट्रेनर निम्मा झाकलेला. सगळे वॉशर बदलायला सांगितलेत, फीड पाइपही नवा मागवला. बावडेकर, बोल्टमध्ये वेगळं बारीक भोक नाही, नुसती जाळी आहे. बिनजाळीचा बोल्ट पार्ट नंबर तपासून मागवला.

आता सगळं बसवल्यावर ऑइल पुरेसं येतंय हे कळायचं कसं? टर्बोवाला वॉरंटीच्या कागदावर ऑइल पुरेसं येतंय याचीच सही मागतोय.

उद्यमनगरचा_मिस्त्री

टर्बोतनं ऑइल परत येतो तो रिटर्न पाइप इंजिनकडनं सोडून डब्यात घाला. आदी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारा, ऑइल वर येऊ दे. मग चालू करून आयडलला ठेवा, घड्याळ लावा. त्या 1.6 ला 60 सेकंदात निदान 0.3 लिटर यायला पाहिजे असं धरतात. तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलात बगा. एकदा करून सोडू नका, परत एक मिनिट घ्या. पहिल्यांदा नीट येतंय आणि दुसऱ्यांदा कमी, असं झालं तर आत अजून काहीतरी सुटून अडकालंय. डब्यात गेलेलं ऑइल इंजिनात भरायचं विसरू नका. आणि गाडी थोडी चालवून ऑइल-फिल्टर लगेच एकदा बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

घाटातला_डिझेल

एवढं करायचं म्हणजे टर्बोपेक्षा मजुरीच जास्त होईल की.

उद्यमनगरचा_मिस्त्री

होईल. दुसरा टर्बो घेण्यापेक्षा कमीच.

बावडेकर

शिरोलीकर, इंजेक्टरचे वॉशर बदलताना सीट कटरनं सीट, म्हणजे वॉशर टेकतो ती जागा, साफ करून घ्या. जुना कार्बन राहिला तर नवा वॉशर नीट बसत नाही आणि गळती परत सुरू होते. इंजेक्टरचा क्लॅम्प बोल्टही नवा लावा, आणि टॉर्क पान्यानंच आवळायला सांगा.

शिरोलीकर

कटर त्या गॅरेजात नाही. उद्यमनगरात कुणाकडं मिळेल, मिस्त्री?

उद्यमनगरचा_मिस्त्री

पंप-इंजेक्टरचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात असतंय. इंजेक्टर काढून तिकडंच न्या, फवारा पण तपासून देतील. सीट कापताना गाडीवर एकजण ग्रीस लावलेला कटर धरायला पाठवा म्हणावं, चुरा सिलेंडरात पडू द्यायचा न्हाई.